पेन्सिल मुलांच्याच हातात : गणिताच्या गृहपाठाची कृती

पाचवीपर्यंतचा गणिताचा गृहपाठ घरातलं कुणीही मोठं माणूस तपासू शकतं. सहावीत ऋण संख्या आणि समीकरणं येतात, सातवीत परिमेय संख्या, घातांक आणि बैजिक राशी, आठवीत अवयव, एकरूपता आणि चक्रवाढव्याज. इथे घराघरांतून एकच प्रकार सुरू होतो. जेवणं आटोपल्यावर वही उघडते, दोन उदाहरणं अडतात, आवाज चढतो आणि शेवटी उरलेली गणितं बाबाच सोडवून देतात. वही पूर्ण होते, बाईंची सहीही मिळते. घटक चाचणीत तेच उदाहरण आकडे बदलून येतं तेव्हा मात्र मुलाला पहिली ओळही सुचत नाही.

हे टाळण्यासाठी पुढची कृती आहे. बालभारतीचं पुस्तक वापरणारी, सहावी ते आठवीतली मुलं डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. मंडळ वेगळं असलं तरी पायऱ्या त्याच. नियम एकच पाळायचा : गृहपाठाच्या वहीवर मोठ्यांनी पेन्सिल टेकवायची नाही. उत्तर मुलाने काढायचं, तो नेमका कुठे अडतो ते मोठ्यांनी शोधायचं.

साहित्य

पाठ्यपुस्तक, गृहपाठाची वही, एक कच्ची वही, ‘चुकांची वही’ म्हणून शंभर पानी वही, चौकटींचे काही कागद, टोक केलेली पेन्सिल, कंपासपेटी आणि मोजपट्टी. पुस्तकाच्या शेवटची उत्तरसूची तुमच्या ताब्यात ठेवा. मोबाइल आणि कॅलक्युलेटर दुसऱ्या खोलीत.

मूल सेमी इंग्रजीत असेल तर पहिल्याच दिवशी कच्च्या वहीच्या आतल्या पानावर शब्दांच्या जोड्या लिहून घ्या : मसावि म्हणजे एचसीएफ, लसावि म्हणजे एलसीएम, अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल. निम्मी भांडणं ‘आमच्याकडे असं नाही म्हणत’ यावरून होतात, ती तिथेच मिटतील.

वेळ

शाळेच्या दिवशी तीस ते चाळीस मिनिटं, रविवारी उजळणीसाठी तेवढीच. क्लासहून आल्याआल्या किंवा झोपेच्या तोंडावर बसवू नका.

कृती

१. आधी सोडवलेलं उदाहरण झाकून सोडवा

सरावसंचाकडे थेट उडी नको. त्या प्रकरणातलं पुस्तकात सोडवून दाखवलेलं एक उदाहरण मुलाला वाचू द्या, मग त्यावर वही ठेवून तेच उदाहरण कच्च्या वहीत करू द्या. जुळलं तर पुढे चला. अडलं तर वही एक ओळ खाली सरकवा, तेवढीच ओळ पाहून पुढचं त्याचं त्याने करावं. पाच मिनिटांत कळतं की वर्गात शिकवलेलं पोहोचलंय की नाही. पोहोचलं नसेल तर आजचा वेळ सोडवलेल्या उदाहरणांवरच घालवा. सरावसंचातली दोनच गणितं झाली तरी चालतील.

२. तीन प्रश्न विचारा

शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला लावा आणि पेन्सिल उचलण्याआधी विचारा : काय दिलंय? काय काढायचंय? उत्तर साधारण किती येईल?

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आणि तोच बहुतेक घरांत गाळला जातो. सातवीतलं व्यस्तप्रमाण घ्या. शेतातली खुरपणी ८ बायका ६ दिवसांत करतात, तर १२ बायकांना किती दिवस लागतील? घाईतलं मूल ६ ला १२ ने गुणतं, ८ ने भागतं आणि ९ लिहून मोकळं होतं. आधी विचारलं असतं, “बायका वाढल्या, मग दिवस वाढतील की कमी होतील?” तर ९ हे उत्तर त्याला स्वतःलाच खटकलं असतं. एकूण काम ८ गुणिले ६ म्हणजे ४८. ते १२ जणींत वाटलं की ४ दिवस.

‘काय दिलंय’ सांगताना एककंही बोलून घ्या. सरळव्याजात मुदत ९ महिने दिली असेल आणि दर दरसाल असेल, तर सूत्रात ९ लिहून चालत नाही, पाऊण वर्ष लिहावं लागतं. सरळव्याजाचं सूत्र पाठ असलेली मुलंही इथे घसरतात.

३. अडलं की मदत पायरीपायरीने द्या

“आई, हे येत नाहीये” असं ऐकल्याबरोबर रीत सांगू नका. पुढच्या क्रमाने एकेक पायरी चढा आणि काम झालं की तिथेच थांबा.

अ) मनात वीस अंक मोजा. गप्प बसणं ही खरोखरीची मदत आहे. बऱ्याच वेळा मूल विचार करत असतं आणि आपणच तो तोडतो.

आ) “कुठपर्यंत आलायस ते वाचून दाखव.” स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचताना अर्ध्या चुका त्याच्या त्यालाच सापडतात.

इ) आकडे सोपे करा. आठवीतल्या सूट व कमिशनमधलं उदाहरण : छापील किमतीवर १२ टक्के सूट देऊन वस्तू ४४० रुपयांना विकली, तर छापील किंमत किती? मूल ४४० चे १२ टक्के काढून त्यात मिळवतं. त्याला विचारा, “छापील किंमत १०० असती तर गिऱ्हाइकाने किती दिले असते?” ८८. “मग इथे त्याने ८८ च्या किती पट दिले?” ५ पट. छापील किंमत ५०० हे उत्तर आता तो तुमच्याआधी सांगेल. टक्के छापील किमतीवर मोजायचे, विक्रीच्या किमतीवर नाहीत, हेही त्याच्या लक्षात येईल.

ई) तशाच जातीचं दुसरं उदाहरण तुम्ही कच्च्या वहीत सोडवून दाखवा, प्रत्येक ओळीला ‘हे का केलं’ ते बोलत. मग ते पान उलटून टाका आणि गृहपाठाचं गणित त्याला करू द्या.

उ) तरीही नाही जमलं तर सोडून द्या. वहीत पेन्सिलीने लिहायला सांगा : “उदाहरण ४ : इथपर्यंत आलो, पुढे कळलं नाही.” बाईंना किंवा सरांना ही एक ओळ बाबांनी सोडवलेल्या पानभर गणितापेक्षा जास्त सांगते.

४. चुकीची जात ओळखा

उत्तर चुकलं की लगेच खोडरबर देऊ नका. चूक वाचनातली आहे, आकडेमोडीतली की समजुतीतली, हे आधी ठरवा. परीक्षा सोपी आहे : त्याच जातीचं, पण लहान आकड्यांचं गणित द्या. बरोबर आलं तर मूळची चूक बहुधा आकडेमोडीची किंवा घाईची. पुन्हा तश्शीच चूक झाली तर ती समजुतीची. समजुतीच्या चुकीवर ‘नीट लक्ष दे’ म्हणण्याचा काहीच उपयोग नाही, कारण मूल लक्ष देऊनच चुकतंय.

या वयात वारंवार भेटणाऱ्या समजुतीच्या चुका आणि त्यांवरचे उपाय :

अपूर्णांकांची बेरीज. १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. आधी एवढंच विचारा, “२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?” लहान. अर्ध्यात काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी कसं झालं? आता चौकटीच्या कागदावर १२ चौकटींची पट्टी आखू द्या. अर्धी म्हणजे ६ चौकटी, तिसरा हिस्सा म्हणजे ४. मिळून १२ पैकी १०, म्हणजे ५/६. छेद समान का करायचे ते पट्टीवर दिसतं, मग लसावि ही नुसती शिक्षा वाटत नाही.

दशांश अपूर्णांक. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठं. मोजपट्टी घ्या : ०.४ मीटर म्हणजे ४० सेंटिमीटर, ०.३५ मीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर. पुढचे काही दिवस प्रत्येक तुलनेआधी दोन्हीकडे दशांश स्थळं सारखी करायला लावा, ०.४ चं ०.४० लिहून.

ऋण चिन्हं. −३ − ५ = ८, कारण ‘वजा वजा अधिक’. हा नियम गुणाकाराचा आहे, मुलाने तो बेरीज-वजाबाकीत आणला. संख्यारेषा काढा, −३ वर बोट ठेवायला सांगा आणि डावीकडे पाच घरं जाऊ द्या : −८. शेजारीच (−३) × (−५) = १५ लिहून घ्या. दोन्ही एकाच पानावर असली की गोंधळ लवकर सुटतो.

क्रियांचा क्रम. ८ + ४ × ५ चं उत्तर ६० आलं की ‘कंचेभागुबेव’ आठवून द्यायचं आणि २८ काढून घ्यायचे, हे सगळ्या पालकांना ठाऊक असतं. या शब्दातली दुसरी खोच मात्र ध्यानात राहत नाही. १० − ४ + ३ मध्ये मूल ‘बे’ आधी, ‘व’ नंतर म्हणून ४ आणि ३ मिळवतं आणि १० − ७ = ३ लिहितं. बरोबर उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एका पायरीच्या आहेत, त्या डावीकडून उजवीकडे जशा येतील तशा करायच्या. भागाकार-गुणाकारांचंही तेच.

बैजिक राशी. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, इथे क्ष लिहू. ३क्ष + २ = ५क्ष असं लिहिणाऱ्या मुलाला क्ष च्या जागी १० ठेवायला सांगा. डावीकडे ३२, उजवीकडे ५०. संख्या ठेवून पाहण्याची ही युक्ती बीजगणितात सगळीकडे चालते. वर्गविस्तारातही (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग असं वाटत असेल, तर ३ आणि ४ ठेवा : ७ चा वर्ग ४९, आणि ९ + १६ = २५. उरलेले २४ कुठे गेले? बाजू ७ चौकटींचा चौरस आखा, दोन्ही बाजूंवर ३ आणि ४ असे भाग पाडा. एक चौरस ९ चा, एक १६ चा, आणि मध्ये १२-१२ चे दोन आयत. सूत्रातलं २अब म्हणजे हेच दोन आयत.

समीकरणं. ३क्ष = १२, म्हणून क्ष = १२ − ३ = ९. ही चूक अनेकदा घरातूनच जाते : ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा मोठ्यांचा आवडता मंत्र. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची, अशी सहावीच्या पुस्तकाची रीत आहे, तीच घरात चालवा. “दोन्हीकडे कशाने भागू?” ३ ने. क्ष = ४. पक्षांतराचा जलद मार्ग नंतर आपोआप येतो.

शेकडेवारी. १० टक्के वाढवून १० टक्के कमी केलं की किंमत पूर्वीइतकीच होते, असं मोठ्यांनाही वाटतं. ५०० रुपयांवर करून बघू द्या : वाढून ५५०, मग ५५० चे १० टक्के म्हणजे ५५ कमी, उरले ४९५. टक्के ‘कशाचे’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायची सवय यातून लागते.

एका बैठकीत एकाच समजुतीवर काम करा. बाकीच्या चुकांची तारखेसह नोंद ठेवा, त्या पुढच्या दिवसांसाठी.

५. ताळा केल्याशिवाय वही मिटवू नका

‘बरोबर आहे का?’ असं मूल तुम्हाला विचारत असेल तर उत्तरसूची दाखवण्याआधी त्यालाच ताळा करायला लावा. समीकरणाचं उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहायचं. वजाबाकी बेरजेने तपासायची, भागाकार गुणाकाराने.

मोठ्या गुणाकाराला नऊचा ताळा शिकवा, आजोबांना तो नक्की येत असेल. ४७ × २३ = १०८१ घ्या. ४ + ७ = ११, पुन्हा १ + १ = २. इकडे २ + ३ = ५. २ आणि ५ चा गुणाकार १०, त्याचा १. उत्तराच्या अंकांची बेरीज १ + ० + ८ + १ = १०, त्याचाही १. जुळलं. मात्र अंकांची अदलाबदल या ताळ्यात सापडत नाही, १८०१ लिहिलं तरी १ च येतो. म्हणून ४७ म्हणजे साधारण ५०, २३ म्हणजे साधारण २०, गुणाकार हजाराच्या आसपास, हा अंदाजही सोबत हवा.

ताळा जुळल्यावर मांडणी बघा : सूत्र लिहिलंय का, एकक आहे का, शेवटचं वाक्य पूर्ण आहे का. सरांची रीत तुमच्या रीतीपेक्षा वेगळी असेल तर वहीत सरांचीच राहू द्या. तुमची कच्च्या वहीत दाखवा, तीही दोन्ही उत्तरं एकच येतात हे पटवण्यापुरती.

६. पाढ्यांना रोज दोन मिनिटं

सातवीतला अवयवांचा किंवा लसाविचा गोंधळ पुष्कळदा पाढ्यांवर येऊन थांबतो. बाराचा पाढा येत नाही म्हणून पुन्हा घोकंपट्टी लावू नका. १२ × ७ म्हणजे ७० आणि १४, असं तोडून सांगू द्या. घरात निमकी, पाऊणकी, दिडकी येणारं कुणी असेल तर जेवताना त्यांच्याकडून दोन-चार विचारून घ्या : सात दीड किती? साडेदहा. अपूर्णांकांशी याहून स्वस्त ओळख नाही.

७. चुकांची वही चालवा

पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात मूळ उदाहरण आणि प्रकरणाचं नाव, दुसऱ्यात जिथे चुकलं तेवढीच ओळ, तिसऱ्यात ‘का चुकलं’ हे मुलाच्या शब्दांत एका वाक्यात. “महिने वर्षात बदलले नाहीत” हे वाक्य चालेल. “लक्ष नव्हतं” हे चालणार नाही, त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही.

तेच उदाहरण तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग परीक्षेआधी, आधीचं उत्तर न पाहता पुन्हा सोडवायचं. तिन्ही वेळा बरोबर आलं की त्यावर मोठी बरोबरची खूण. चुकलं तर मोजणी पहिल्यापासून.

८. रविवारी मिसळून उजळणी करा

सरावसंचातली गणितं एकाच जातीची असतात. कुठली रीत वापरायची हे प्रकरणाचं नावच सांगून टाकतं. परीक्षेत ते नाव नसतं. म्हणून रविवारी आठ उदाहरणं प्रकरणाचं नाव न लिहिता, उलटसुलट क्रमाने कागदावर उतरवा : तीन चालू प्रकरणातली, तीन मागच्या वेगवेगळ्या प्रकरणांतली, दोन चुकांच्या वहीतली. सोडवण्याआधी प्रत्येकापुढे ‘हे कशातलं’ एवढंच लिहायला सांगा. समप्रमाण की व्यस्तप्रमाण, परिमिती की क्षेत्रफळ, हे ओळखता येणं हीच अर्धी उजळणी. पुस्तकातले संकीर्ण प्रश्नसंग्रह यासाठीच आहेत, त्यांना परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत शिवायचं नाही हा प्रघात मोडा.

९. सत्र परीक्षेआधीचे दहा दिवस

पहिल्या दिवशी परीक्षेला असलेल्या प्रकरणांची यादी करा आणि प्रत्येकातलं मधल्या काठिण्याचं एक उदाहरण सोडवून घ्या. ‘येतं’ असं तोंडी सांगितलेलं धरू नका. जमलेल्यापुढे बरोबर, अडखळत जमलेल्यापुढे प्रश्नचिन्ह, न जमलेल्यापुढे फुली.

दुसऱ्या ते सहाव्या दिवशी प्रश्नचिन्हांची प्रकरणं, कारण तिथे थोड्या कष्टात गुण वाढतात. फुलीची प्रकरणं त्याच दिवसांत शाळेत सरांना विचारून घ्यायला सांगा, प्रश्न आधी लिहून नेऊ द्या. सातव्या आणि आठव्या दिवशी भूमितीच्या रचना : आधी कच्ची आकृती, त्यावर मापं, मग पक्की. कंपासचा स्क्रू घट्ट आहे का आणि पेन्सिलीचं टोक बारीक आहे का तेही बघा, सैल कंपासने चांगली रचनाही जुळत नाही. नवव्या दिवशी घड्याळ लावून एक पूर्ण प्रश्नपत्रिका. दहाव्या दिवशी फक्त चुकांची वही आणि लवकर झोप.

आठवीच्या पालकांनी हे थोडं आधी सुरू करावं. राज्यात पाचवीप्रमाणे आठवीलाही आता वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं, न झाल्यास पुनर्परीक्षा असते.

तुम्हालाच गणित येत नसेल तर

कृतीतली पहिली, दुसरी, पाचवी, सातवी आणि आठवी पायरी गणित न येणाऱ्यालाही करता येते. “मला शिकव, मी सातवीत आहे असं समज” म्हणा आणि प्रत्येक ओळीला “हे कुठून आलं?” विचारा. उत्तर देता आलं तर मुलाला कळलंय. नाही आलं तर ती ओळ सरांसाठी. पुस्तकातल्या क्यूआर कोडने दीक्षा अ‍ॅपवरचं साहित्य उघडता येतं, ते प्रकरण समजून घ्यायला बघा. फोटो काढला की पूर्ण उत्तर देणारी अ‍ॅप गृहपाठाच्या वेळी नकोत, ती म्हणजे गणितं सोडवून देणारे आणखी एक बाबा.

कधी थांबायचं

चाळीस मिनिटं झाली, डोळ्यांत पाणी आलं किंवा तुमचाच आवाज चढला, यांतलं पहिलं जे घडेल तिथे थांबा. अपुऱ्या वहीसोबत चिठ्ठी द्या, शाळा समजून घेते.

मदत कमी कशी करायची

तीन-चार आठवड्यांनी बघा, तिसऱ्या पायरीतल्या ‘अ’ ते ‘उ’ यांपैकी कुठपर्यंत जावं लागतं. ‘ई’पर्यंत जावं लागत होतं ते आता ‘आ’वर भागत असेल तर शेजारी बसणं बंद करा, त्याच खोलीत आपलं काम करत राहा. त्यानंतर फक्त ताळा झाला का ते विचारा. शेवटी रविवारची आठ उदाहरणं निवडण्याचं कामही मुलाकडे द्या. त्याने स्वतःहून चुकांच्या वहीतली अवघड दोन निवडली, तर सोमवारपासून वही तपासायला बसण्याची गरज नाही.